दर दोन तासांनी मृणाली

एका गुणाने हरल्याबद्दल मृणालीच्या घरी पेढे वाटले. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा मृणालीचं संघात नावसुद्धा नव्हतं.

नाव तिनेच खोडलं होतं. चौथीपासून तिला कपड्यांत लघवी व्हायची. हसली तरी, धावली तरी. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून ती सकाळपासून घरी येईपर्यंत दाबून धरायची. आता सहावीत तिच्यासारखी चढाई रोह्यात कुणी करत नव्हतं, पण पेणच्या कबड्डी सामन्यांच्या यादीत नावापुढे तिने लिहिलं, ‘पाय मुरगळला.’ पाय ठणठणीत होता.

डॉक्टर म्हणाले, पोट साफ होत नाही, त्याचा दाब लघवीच्या पिशवीवर येतो. त्यांनी औषध दिलं आणि पेणच्या सुरभी मॅडमकडे धाडलं. मॅडम ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा व्यायाम शिकवत.

“दोन बाळंतपणं झाली,” आई सगुणा म्हणाली, “तिथं स्नायू असतात हे मला कुणी बोललं नाय.”

मॅडमनी आईसमोर मृणालीच्या कमरेखाली चिकटपट्ट्या लावून त्यांच्या वायरी संगणकाला जोडल्या. पडद्यावर बेडूक आला. स्नायू आवळले की तो झाडावर चढे, सैल सोडले की तळ्यात उतरे. मृणालीचा बेडूक शेंड्यावर जाऊन बसला तो उतरायलाच तयार नाही.

“आवळण्यात शंभरपैकी शंभर,” मॅडम म्हणाल्या. “सोडण्यात भोपळा. तेच शिकायचंय. तीन महिने धर.”

“सामने दोन महिन्यांनी हायेत.”

“मग एकही दिवस बुडवायचा नाही.”

“नाय बुडवणार,” मृणाली बेडकाकडे बघत म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिने यादीतला मुरगळलेला पाय खोडला आणि नाव परत लिहिलं.

अभ्यास सोपा होता. लागो न लागो, दर दोन तासांनी जाऊन बसायचं, पाय पाटावर टेकवायचे, साबणाचे फुगे उडवत श्वास सोडायचा. जोर लावायचा नाही.

पण बाप कमळाकर धाटावला कंपनीत ऑपरेटर. दर दोन तासांनी टाक्यांचं रीडिंग घेण्यात त्याची पंधरा वर्षं गेलेली. त्याने त्याच दिवशी लॉगबुक आखलं: वेळ, आत गेलेलं, बाहेर आलेलं, शेरा. शिफ्टला निघताना तो सगुणाला रीतसर चार्ज द्यायचा. “अकराचं रीडिंग शून्य. लक्ष ठेव.” सगुणा सही करायची. शून्य मात्र त्याला खपत नसे. तो संडासाच्या दाराबाहेर उभा राहून ओरडायचा, “लाव गो जोर! टाकी भरलेली हाय!”

“कंपनी घरी आणलीस काय रे?” शेजारचे केरूकाका कुंपणावरून विचारायचे.

तीन आठवड्यांत कपडे आधीपेक्षा जास्त ओले होऊ लागले. कमळाकर लॉगबुक घेऊन स्वतः पेणला गेला. मॅडमनी ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

“अडकलेला वॉल्व तुम्ही दणके मारून उघडता का?”

“छे! मोडंल ना तो. आधी प्रेशर उतरवायचं, मग थांबायचं.”

“मग थांबा ना.”

कमळाकर घरी आल्यावर मृणालीने लॉगबुक त्याच्या हातातून काढून घेतलं. “पप्पा, तुमची शिफ्ट संपली. दारापासून लांब जावा.” तो ओटीवर गेला. आतून फुग्यांची फूं फूं ऐकू आली, आणि पाठोपाठ बराच वेळ पाण्याची धार.

शाळेत मॅडमची चिठ्ठी दाखवल्यावर तिला तास चालू असताना उठून जायची परवानगी मिळाली. कडी कुणी बसवली नाही. कॅप्टन अपेक्षा दाराला पाठ लावून उभी राहायची. सातव्या आठवड्यात बेडूक सांगितल्याबरोबर तळ्यात पडला.

सामन्याच्या दिवशी आधीचे सामने लांबले. मृणालीची दोन तासांची वेळ झाली तेव्हा तिच्या सामन्यात गुण होते एकवीस-एकवीस, दोन मिनिटं बाकी, टाइम आउट संपलेले. सवयीने तिने आवळलं. बेडूक सरसर झाडावर चढताना तिला स्पष्ट दिसला.

“नाय,” ती मोठ्याने म्हणाली आणि मैदानाबाहेर चालती झाली. पंचांनी तिला बाद दिलं. प्रेक्षक हसले. संडासात ती घाईने बसली नाही, जोर लावला नाही, पूर्ण मोकळी होऊन परत आली. सामना संपला होता, तोही एका गुणाने हरून.

“माहेरी गेलतीस काय गो?” अपेक्षा खवळली होती.

“कोरडी हाय मी.”

अपेक्षाने नाक पुसलं. “बरं. पुढच्या वेळी सामन्याआधी जा.”

सोमवारी मृणालीने अर्ज टपालात टाकला:

‘प्रति, मा. पंचप्रमुख, कबड्डी स्पर्धा, पेण. विषय: गेलेला एक गुण परत मिळणेबाबत. महोदय, सदर खेळाडू मैदानातून पळाली नसून नेमून दिलेल्या वेळी लघवीस गेली होती. तरी सदर गुण परत करून सामना बरोबरीत सुटल्याचे जाहीर करावे, तसेच यापुढे सर्व पंचांनीही दर दोन तासांनी शिट्टी बाजूला ठेवून जाऊन यावे व तशी नोंद गुणपत्रिकेत घ्यावी, ही नम्र विनंती.’