मोकळा रस्ता

शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या प्रत्येक गाडीला शुल्क लावून कोंडी फोडण्याची योजना थोरल्याने आखली होती. वाहतूक खात्यात हयात घालवलेला हा अभियंता कामात मोठा चोख. पाहणी करताना त्याने फेऱ्यांची वर्गवारी केली: नोकरी, माल, आजारपण. उरलेल्या साऱ्या 'टाळता येण्याजोग्या'. त्या घटल्या, की रस्ता मोकळा होणार होता. तसा तो झालाही.

धाकटा भाऊ प्लंबर होता, शुल्काच्या हद्दीबाहेर राहायचा. रोज संध्याकाळी खटारा व्हॅन घेऊन तो आईकडे यायचा. आई थोरल्याच्या घरी, खिडकीपाशी अंथरुणाला खिळलेली. पाहणीवाल्याने विचारले तेव्हा धाकट्याने सरळ सांगितले होते, "आईशी गप्पा मारायला चाललोय." ती फेरी कुठे मोडली, हे थोरल्याला ठाऊक होते.

शुल्क सुरू झाले आणि धाकटा फक्त रविवारी येऊ लागला. त्या दिवशी शुल्क नसे, हद्दीवरचे अडसर उघडे असत.

"रस्ता केवढा मोकळा झालाय रे," आई म्हणे. "मग धाकटा का पोचत नाही?"

"कामात असेल, आई."

"कामात तू असायचास. तो यायचा."

थोरल्याने फोन केला. "शुल्क मी भरतो. येत जा."

"वा दादा! आधी दाराला कुलूप घालायचं, मग किल्लीची खैरात करायची! राहू दे. रविवारी येतोच."

रविवार उजाडायच्या आतच एका दुपारी आईला धाप लागली. डॉक्टर म्हणाले, "ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा." धाकटा तत्काळ निघाला. थोरला खिडकीत उभा राहिला. खाली गाड्या न थबकता सुळसुळ जात होत्या.

"आला का?"

"येतोय, आई. रस्ता मोकळाच आहे."

तिने पुन्हा विचारले नाही.

धाकटा पोचला तो पायी, घामाने निथळत.

"गाडी कुठंय?"

"अडसराबाहेर. शुल्कासाठी गाडीची नोंदणी नाही म्हणून उघडेना, रोख पैसे घेत नाहीत. पेटीवरचं बटण दाबून आई आजारी आहे म्हटलं, तर आतून आवाज आला, आजारपणाची सूट आदल्या दिवशी मागावी. तुझाच नियम ना, दादा? मग धावत सुटलो." बोलता बोलता त्याची नजर अंथरुणाकडे गेली.

थोरला अंथरुणापासून बाजूला सरला.

धाकट्याने हात पुसले, स्टूल ओढले आणि आईचा गार पडलेला हात हाती घेतला. मग रोजच्यासारखा तो तिला सांगू लागला, आज कुणाचा नळ गळत होता, कुठल्या आजोबांनी चहासाठी थांबवून घेतले, कुणाच्या मोरीत चमचा सापडला.

थोरला दाराशी उभा राहून ऐकत होता. या गप्पा त्याने आजवर कधी ऐकल्याच नव्हत्या.