अठरावी नोंद

तुळशीराम मास्तरांच्या घराण्यात वारसा म्हणून जमीन आली नव्हती, दागिना आला नव्हता. आली होती ती एक हजेरी. वहीच्या पानाएवढा तपकिरी कागद आणि त्यावर मोडीत लिहिलेली सतरा नावं: राघो बिन सदोजी, शिवा बिन कान्होजी, अशी. वसईच्या मोहिमेत, भाईंदरजवळच्या धारावीच्या टेकडीवर, फिरंग्यांशी लढताना एकाच संध्याकाळी पडलेल्या शिपायांची. त्यांचा नाईक बंदुकीची दारू आणायला खाली खाडीवर गेला होता. भरती चुकली, होडी चिखलात रुतली, आणि तो वर पोचला तेव्हा ओ द्यायला कोणी उरलं नव्हतं. तरीही त्याने सतराच्या सतरा नावं पुकारली.

तेव्हापासून त्याच्या वंशातल्या थोरल्याने दर फाल्गुन वद्य द्वितीयेला, सूर्य समुद्राला टेकण्याआधी, त्याच टेकडीवरच्या पडक्या बुरुजावरून ती पुकारायची, असा नेम होता. पूर्वी ही माणसं त्यासाठी रोह्याकडून शिडाच्या पडावाने येत. मास्तरांना भाईंदरच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्याची नोकरी लागल्यापासून एस.टी.ने टेकडीखालच्या चौक गावाला उतरलं की काम होई.

नेमाला एक पोटनियम होता. प्रत्येक नावानंतर, माणसाला ओ द्यायला लागतो तेवढा वेळ थांबायचं. "नाव परत आलं तर तो डोंगर," मास्तरांचे वडील, दाजी, सांगत. "'जी' आलं तर तो माणूस."

नाव दर वेळी परत येई. बुरुजासमोर काळ्या दगडाचा ताशीव कडा होता. १९६६ साली मास्तरांनी टाळ्या वाजवून प्रतिध्वनीचा काल काढला: शून्य पूर्णांक नऊ सेकंद. म्हणजे कडा एकशे सत्तावन्न मीटरवर. दोरीने मोजलं तर एकशे पंचावन्न भरले. तुलनेसाठी त्यांनी यादीत नसलेलं एक नावही मध्येच पुकारलं, "सदू सुतार!" आणि कड्याने तेही तितक्याच आदराने परत केलं. त्यांची बारा वर्षांची मुलगी शालू पोट धरून हसली. दाजी मात्र भडकले. "जित्या माणसाचं नाव घेतलंस तिथे?" सदू सुतार पुढेही ठणठणीत राहिला, डुगडुगल्या त्या त्याने केलेल्या खुर्च्या. मुलीला मास्तरांनी समजावलं, "नियंत्रण-प्रयोग म्हणतात याला. निष्कर्षाआधी एक जादा नाव टाकून पाहायचं."

सत्तर सालानंतर टेकडीवर सुरुंग सुटू लागले. मुंबईच्या इमारतींना खडी हवी होती. त्र्याहत्तरच्या फाल्गुनापर्यंत कडा नाहीसा झाला. त्या जागी एक रुंद, भुरी खाच उरली. दाजी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मास्तरांना मुलगा नव्हता, आणि दाजींनी हिशेब केव्हाच मांडला होता.

"तुझ्यामागे शालू वाचील."

"दाजी, ती बी.एस्सी. करतेय. तिच्या गळ्यात हे कशाला?"

स्वयंपाकघरातून आशाबाई म्हणाल्या, "माझ्या लेकीला मेलेल्यांच्या पंगतीत बसवायचं नाही, सांगून ठेवते."

"पंगत नाही गं, पहारा आहे," दाजी म्हणाले.

अखेर सौदा ठरला. कडा नसताना नाव परत आलं नाही, तर हजेरी तुळशीरामपाशी संपली. आलं, तर ती शालूची. मास्तरांनी आनंदाने मान्य केलं. निष्कर्ष त्यांना आधीच माहीत होता. पण तू हळू पुकारलंस, असं दाजी उद्या म्हणतील. म्हणून जिथे कडा होता तिथे शालूने घड्याळ आणि वही घेऊन उभं राहायचं आणि ऐकू आलेलं प्रत्येक नाव वेळेसह लिहायचं, असं त्यांनी ठरवलं.

निघताना दाजींनी त्यांना जवळ बोलावलं. "कान इकडे कर." आणि त्यांनी कानात एक नाव सांगितलं: महिपत बिन विठोजी. उशिरा पोचलेल्या त्या नाइकाचं.

"हे कागदावर का नाही?"

"हजेरी घेणारा स्वतःचं नाव कशाला लिहील? मला माझ्या बापाने असंच सांगितलं."

"मग मला तरी कशाला?"

"तिकडून कोणी पुकारलं तर ओळखता यावं म्हणून. तेव्हा ओ द्यायची नाही, तुळशा."

मास्तर हसले. ही सूचना प्रयोगाशी संबंधित नव्हती. त्यांनी ती शालूला सांगितली नाही.

चौकच्या वाटेवर सरूबाई कोळीण वाळलेले बोंबील उतरवत होती. बापलेकीला पाहून तिने पदराने तोंड पुसलं. "मास्तर, अवंदा कोनाला हाका मारताव? डोंगुर तर ऱ्हायलाच न्हाय!"

"म्हणूनच आलोय, सरूबाई."

"मंग कोनी ओ दिलीच, तर माजे बोंबील घ्यायला धाडा त्याला!"

सहा वाजून चौदा मिनिटांनी मास्तर बुरुजावर उभे राहिले. शालू समोर, अंगठ्याएवढी दिसत होती; पाठीमागे खाणीचा खड्डा. वारा पडला होता. त्यांनी पहिलं नाव पुकारलं आणि थांबले. काहीच परत आलं नाही. आयुष्यात प्रथमच त्या टेकडीवर त्यांचा आवाज गेला तो गेलाच. दुसरं नाव. तिसरं. हे असंच होणार हे ठाऊक असूनही, सातव्या नावानंतर त्यांना ती शांतता आवडेनाशी झाली. प्रतिध्वनी होता तेव्हा कोणी नाही असं वाटे. आता कोणीतरी मुद्दाम गप्प आहे असं वाटू लागलं. घशाला कोरड पडल्यामुळे असे भास होतात, अशी त्यांनी मनाशी नोंद केली आणि वाचत राहिले. सतरावं नाव सहा एकोणीसला झालं. त्यांनी रुमाल हलवला.

शालू लगेच निघाली नाही. ती पाठमोरी, खड्ड्याकडे तोंड करून दोनेक मिनिटं उभी होती. मग पायवाटेला लागली.

एस.टी.च्या थांब्यावर दोघांनी वह्या जुळवल्या. सतरा नावं, सतरा वेळा. कुठेही सेकंदापेक्षा जास्त फरक नव्हता. मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं.

"आणि अठरावं?" शालूने विचारलं.

"अठरावं कुठलं?"

तिने पान उलटलं. तिच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: महिपत बिन विठोजी, ६.२१.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? तुम्हीच पुकारलंत. आवाज जरा बसला होता तुमचा. आणि मागून आल्यासारखा वाटला, पण खड्ड्यात आवाज फिरत असणार." ती हसली. "मी ओळखलं हो, बाबा. नियंत्रण-प्रयोग. सदू सुतारासारखा."

"मग तू काय केलंस?"

"फसले नाही हे तुम्हाला कळावं म्हणून ओ दिली. 'जी' म्हटलं."

एस.टी. आली. मास्तर चढायचे राहिले. कंडक्टरने दोनदा घंटा मारली तेव्हा शालूने त्यांना दंडाला धरून वर घेतलं.

घरी दाजी डोळे उघडे ठेवून वाट पाहत होते. "नाव परत आलं?"

"नाही."

"'जी'?"

आजवर मास्तरांनी एकाही निरीक्षणात खाडाखोड केली नव्हती. "माझ्या बाजूला नाही," ते म्हणाले.

दाजी बराच वेळ माठाशी पाणी पिणाऱ्या शालूकडे बघत राहिले आणि मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आशाबाई खूश होत्या. "आता तो कागद बंबात घाला." मास्तर हो म्हणाले, आणि त्यांनी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

श्रावणात दाजी गेले. पुढल्या फाल्गुनात मास्तर टेकडीवर गेले नाहीत. सौद्याप्रमाणे जायचं कारण नव्हतं. द्वितीयेच्या संध्याकाळी ते पेपर तपासत बसले होते, आणि घड्याळ उगीचच टेबलावर काढून ठेवलं होतं. आशाबाई तांदूळ निवडत होत्या. शालू नारळ खोवत होती. सहा एकवीसला तिने मान वर केली.

"जी."

"कोणाला गं?" आशाबाईंनी विचारलं.

"बाबांनी हाक मारली ना."

"त्यांनी कुठे मारली? ते तर गप्प बसलेत."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "काय म्हणून हाक मारली, शालू?"

"काय म्हणून म्हणजे? महिपत म्हणून," ती म्हणाली आणि पुन्हा खोवू लागली. जणू जन्मल्यापासून तिला त्याच नावाने हाक मारत होते.

आशाबाईंच्या सुपातले तांदूळ सांडले.

दोन निरीक्षणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मास्तर दर वर्षी अकरावीला शिकवत. तिसरं निरीक्षण होऊ द्यायची मात्र त्यांची तयारी नव्हती. पंचाहत्तरच्या फाल्गुनात त्यांनी ट्रंक उघडली. आशाबाईंना घड्याळ देऊन शालूसमोर बसवलं आणि ते एकटेच चौकला गेले. सरूबाईने या वेळी थट्टा केली नाही. त्यांचं तोंड पाहून ती नुसती बाजूला झाली. बुरुजाचाही आता अर्धाच भाग उरला होता.

ते लवकर सुरू झाले, म्हणजे सतरा नावं सहा पंधराच्या आत संपतील. संपली. एकही परत आलं नाही. मग त्यांनी कागदाची घडी घातली, खाणीकडे तोंड केलं, आणि जे त्या जागी आजवर त्यांच्या घराण्यातल्या कोणीही पुकारलं नव्हतं ते नाव स्वतःच पुकारलं.

"महिपत बिन विठोजी!"

आणि दुसऱ्या कोणाला ओ द्यायला सवड न देता छाती भरून स्वतःच म्हणाले, "जी!"

नाव परत आलं नाही. 'जी' आलं. पहिलं अगदी जवळून, दुसरं डावीकडून, खालून. मग एकामागून एक, प्रत्येकी माणसाला ओ द्यायला लागतो तेवढं अंतर ठेवून, वेगवेगळ्या वयांच्या आवाजांत. समोर आवाज परतवणारा दगड उरला नव्हता. मास्तर ताठ उभे राहिले आणि त्यांनी मोजलं. सतरा.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. आशाबाई दारातच होत्या. आत शालू टेबलाशी वाचत होती.

"सहा एकवीस झाले, पावणेसात झाले. एकदासुद्धा मान वर केली नाही हो तिने," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "संपलं ना?"

मास्तरांनी चपला काढल्या. तळव्यांना भुरी माती लागली होती.

"तिच्या बाजूला संपलं," ते म्हणाले.