देव पाण्यात

आप्पासाहेबांनी पर्जन्यमापकाच्या कुंपणाचं फाटक उघडलं आणि ते जागीच थबकले. यंत्राचं नरसाळं काठोकाठ भरलं होतं. पाणी खाली बाटलीत उतरायचं, ते वरच तुंबलं होतं आणि काठावरून सांडून गेल्याचे ओघळ पत्र्यावर दिसत होते.

रात्रभर वरकुट्यावर आभाळ फाटलं होतं. जून कोरडा, जुलै कोरडा आणि ऑगस्टच्या तीस तारखेपर्यंत गावाची बोळवण सहा मिलिमीटरवर झालेली. आज येताना चिखलात वहाणेचा अंगठा तुटला, तर आप्पासाहेबांना त्याचंही कौतुक वाटलं. आणि नेमकी आजचीच नोंद बिघडावी! अकरा वर्षं ते रोज सकाळी साडेआठला इथे हजर असत. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नालासुद्धा ते पाऊस मोजूनच निघाले होते. बाकीच्या गावांचे आकडे घरबसल्या लिहिले जातात, असं इंदापुरात कुजबुजलं जाई. पण वरकुट्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यांनी पाण्यात हात घातला. भोकावर लाल फडकं फुगून बसलं होतं. फडक्यात देव्हाऱ्यातला टाक होता, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला बिरदेव.

"गावला का रं आप्पा?"

कुंपणापलीकडे छबूबाई उभी होती. मेंढरांमागे सत्तर पावसाळे काढलेली म्हातारी, आज पदरापासून पायापर्यंत चिंब.

"आत्या, ह्यो तुमी ठिवला?"

"म्या न्हाय तर कोन? काल सांजच्याला ठिवला."

"अवो, सरकारी यंत्र हाय ते!"

"आसंल की. सव्वा म्हैना देव घरीच पान्यात घालून बसले. पर घरात पानी टँकरचं. टँकरच्या पान्यात बसून त्याला कसं कळावं, पाऊस न्हाय म्हनून? तुज्या भांड्यात फकस्त वरचंच पानी येतं. म्हनलं, हितं बस कोरडा. एका रातीत कळलं त्याला."

आप्पासाहेबांना राग आला होता, अगदी खरा. बोलायला म्हणून तोंड उघडलं, तर हसूच फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी टाक धोतराच्या सोग्याला पुसला आणि दोन्ही हातांनी म्हातारीच्या ओंजळीत ठेवला. तिने तो कपाळाला लावला. मग यंत्रालाही हात जोडले आणि मेंढरं सोडायला निघून गेली.

फडकं निघताच बाटलीत उतरलेलं पाणी त्यांनी मोजपात्रात ओतलं. अठ्ठावन्न. सांडलेलं किती, ते देवालाच ठाऊक. सत्तर लिहिले असते, ऐंशी लिहिले असते, तरी तालुक्याला कुणी विचारणार नव्हतं.

त्यांनी वहीत अठ्ठावन्न लिहिले. शेजारी शेऱ्याचा रकाना होता, अकरा वर्षं कोराच राहिलेला. त्यात त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'पाऊस मापात मावला नाही.'