खऱ्यांना आज बंद

"किती उशीर हो बाई! आत सगळे खोळंबलेत," असं म्हणत पहारेकऱ्याने मला चक्क आत सोडलं. आदल्या दिवशी ह्याच माणसाने 'उद्या प्रशिक्षण आहे, कार्यालय बंद' असं सांगून मला वाटेला लावलं होतं. मी कशाला कारण विचारतेय? छोटीला कडेवर नीट घेतलं आणि घुसले.

तिकडे मायदेशी बाबा अतिदक्षता विभागात होते. दादा फोनवर एवढंच म्हणाला, "नात बघायची म्हणतायत. निघ." छोटीचा जन्म इथला, परक्या मुलखातला. दोन नवे दात सोडले तर तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं, पासपोर्ट तर नव्हताच. तातडीच्या प्रवास परवान्यावर आपल्या सरकारच्या ह्या कार्यालयाचा सही-शिक्का हवा होता. विमान संध्याकाळचं.

सभागृहात सगळा कर्मचारीवर्ग अर्धगोल करून बसला होता. मुख्यालयातून आलेल्या प्रशिक्षकाच्या गळ्यात शिट्टी होती. टेबलापलीकडे खिडकीवाले साहेब. आठवडाभर त्यांच्या टकलाशीच बोलत होते मी. आज चेहरा दिसला, वर बत्तिशीही.

"नमस्कार! या, बसा. काय मदत करू?"

मी सांगू लागले. बाबांच्या आजारापर्यंत आले आणि रडूच फुटलं. छोटीने तिचा ओला पंजा माझ्या गालावर ठेवला.

"अरेरे! पाणी घ्या आधी. काय गोड आहे हो बाळ!"

शिट्टी वाजली. "बघितलंत? आधी पाणी, मग कागद. लिहून घ्या." सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. रडणाऱ्या माणसाला पाणी द्यावं, एवढं शिकवायला ह्यांना समुद्रापलीकडून माणूस आणावा लागतो!

साहेबांनी माझे कागद पाहिले, अगदी उलटून पाहिले, आणि झोकात सही ठोकली. शिक्का उचलला, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आत आली. काखेत बाहुली.

"माफ करा हं, बस चुकली. रडणारी आई ना? ती मी."

प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्ही कोण?"

"मी खरी आहे," मी म्हटलं.

शिक्का हवेतच राहिला. बत्तिशी मिटली. "खऱ्या लोकांना आज बंद आहे," साहेब म्हणाले. "सोमवारी या. आणि ते मूल बाहेर न्या, इथे प्रशिक्षण चाललंय."

"अहो, पण सही केलीत ना तुम्ही!"

"ती सरावाची."

"सोमवारपर्यंत माझे वडील..." मला पुन्हा रडू आलं. ह्या वेळी पाणी कोणी विचारलं नाही.

"वेळ जातोय," प्रशिक्षक सरावासाठी बोलावलेल्या त्या नटीला म्हणाला. "मॅडम, बसा तुम्ही. कॅमेरा चालू आहे. आजच व्हिडिओ मुख्यालयाला पाठवायचाय."

नटी बसली नाही. "वडील खरंच आजारी आहेत तुमचे?" तिने मला विचारलं. मी मान डोलावली. तिने बाहुली टेबलावर उताणी टाकली.

"शिक्का मारून द्या हिला. नाहीतर माझ्या डोळ्यांतून टिपूस निघणार नाही. पाठवा मग कोरडाच व्हिडिओ."

"असं कसं मॅडम? नियम असतात..."

"बरं. मी निघते."

प्रशिक्षकाचा चेहरा पडला. माझ्या बाबांच्या जिवाने जे हललं नव्हतं ते व्हिडिओने हललं. "अहो, मारा ना तो शिक्का!" तो साहेबांवरच खेकसला. "बघत काय बसलात?"

शिक्का बसला. छोटी शाईकडे झेपावली, त्याआधी मी कागद ओढून घेतला.

"पळ," नटी पुटपुटली आणि त्याच दमात तिने असा हंबरडा फोडला की छोटी दचकून माझ्या गळ्याला बिलगली. दारातून वळून पाहिलं, तर साहेब तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरून हसत होते, अगदी शिकवल्याबरहुकूम.

"चल गं बाई, आजोबा वाट बघतायत," मी छोटीच्या कानात म्हटलं आणि पहिल्या दिसलेल्या टॅक्सीला हात केला.