शंभर हातांचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. विहिरीचा नाही, होडीचा नाही, गुरे बांधायचाही नाही. माझ्या नशिबी एकच काम आले, ते म्हणजे मोजण्याचे. वर्षातून एकदा, पूर ओसरला की नदीकाठच्या चिखलावर मला ताणायचे आणि जमीन वाटायची. बाकीचे अकरा महिने मी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला असे.

आमचे अर्तीकोल हे सुदानात नाईलच्या पात्रातले बेट, डोंगोला शहराच्या खालच्या अंगाला. बेटावर नऊ घरे. खजुराची झाडे ज्याची त्याची, पण काठची गाळपेर जमीन कोणाचीच नाही. ती नदीची. दमीरा आला, म्हणजे पुराचे दिवस आले, की लाल पाणी चढते आणि गेल्या वर्षीच्या खुंट्या, बांध, वाटा, सगळे पुसून टाकते. दोन महिन्यांनी पाणी उतरते आणि काळाभोर गाळ उघडा पडतो. कधी काठ इकडे वाढतो, कधी तिकडे खचतो. म्हणून दरवर्षी नव्याने वाटणी. प्रत्येक घराला एक दोर, म्हणजे शंभर हात काठ. कोणाचा वाटा पहिला, कोणाचा शेवटचा, ते खडे टाकून ठरे. शेवटच्याला उरेल ते मिळे. कधी शंभराला दहा हात जास्त, कधी चार कमी. त्याबद्दल कुरकुर करायची नाही, ती नदीची मर्जी.

मला सात्तीने वळले. त्याचा बाप आणि आजाही दोरकरीच होते. खजुराच्या काथ्याचे तीन पेड त्याने सात दिवस पिळले. दुसऱ्या टोकाला त्याची नवी नवरी सित्तना बसली होती, तिच्या तळहातांना फोड आले. मग दगड बांधून मला झाडाला टांगले, म्हणजे अंगातला सगळा ताण निघून जावा. शेवटी जुन्या दोराशेजारी मला जमिनीवर अंथरून जास्तीचे टोक छाटले. जुन्या दोराचे पेड उसवून त्यांनी खाट विणली. मला तेव्हा त्याचे फार वाईट वाटले होते.

सात्ती मला जिवापाड जपे. मला कधी भिजू देत नसे, कोणाला उसना देत नसे. वाटणी झाली की पंजा आणि कोपराभोवती वेढे घेत तो मला गुंडाळी. एका वेढ्याला दोन हात, पन्नास वेढ्यांत मी संपत असे. लोक म्हणत, सात्तीचा दोर आणि इमामाची जीभ, दोन्ही सरळ. हे ऐकून सात्तीची मान जरा ताठ होई, आणि खरे सांगायचे तर माझाही पीळ घट्ट होई.

अशी एकवीस वर्षे गेली. मग तो मोठा पूर आला.

त्या वर्षी पाणी खजुरांच्या बुंध्यांपर्यंत चढले. सगळे बेट, बायामाणसांसह, काठावर माती टाकत होते. दुपारच्या नमाजानंतर दक्षिणेकडचा काठ धाडकन खचला आणि त्याच्याबरोबर फगीरी पाण्यात गेला. फगीरी म्हणजे बेटावरचा सगळ्यात दांडगा आणि तोंडाळ माणूस. वाहत जाऊन तो एका उन्मळलेल्या खजुराला लटकला. झाड हलू लागले होते. हाताशी दुसरा दोर नव्हता. होड्यांचे दोर पुरानेच नेले होते.

सात्ती धावत घरी आला, माझ्यापुढे उभा राहिला आणि थबकला.

सित्तना म्हणाली, "बघत काय राहिलायस? काढ तो."

"भिजला तर माप जाईल, सित्तना."

"माप पुन्हा करता येईल. फगीरीच्या आईला दुसरा फगीरी कुठून आणून देशील?"

तिनेच मला खुंटीवरून ओढले.

मित्रांनो, नदी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. मी तिच्या काठावर एकवीस वर्षे मिरवलो होतो, पण ती अंगाला लागली नव्हती. माझे टोक फेकल्यावर फगीरीने ते स्वतःच्या काखेखालून बांधले. इकडे सात पुरुष आणि दोन बायकांनी मला धरले. त्या दोघींत बतूल होती. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली, पदरात दोन मुली असलेली. पाणी एका बाजूने ओढत होते आणि माणसे दुसऱ्या. माझ्या आतले काथे कडकड वाजले. तुटलो नाही, एवढेच. फगीरी बाहेर आला, पोटातले पाणी ओकला आणि लहान पोरासारखा रडला. मला कोणीतरी गवतावर वाळत टाकले, कोणीतरी उचलून घरी आणले आणि जमेल तसे खुंटीला अडकवले. माणूस वाचला होता. दोराची विचारपूस कोण करणार? वाळला म्हणजे पूर्वीसारखा झाला, असे सात्तीही धरून चालला.

पूर ओसरला. गाळ चांगला जाड पडला होता. खडे टाकले, तेव्हा पहिला वाटा फगीरीचा निघाला, शेवटचा बतूलचा. सात्तीने मला ताणले, खुंट्या ठोकल्या. एक, दोन, करत आठ वाटे झाले. नवव्याला मला अंथरले तर तिसरा हिस्सा खडकावर गेला. जमीन अडुसष्ट हातच उरली होती.

लोक हळहळले. नदीने यंदा हात आखडता घेतला, असे म्हणाले. पण बतूल जागची हलली नाही. म्हणाली, मी काल आडव्या खडकापासून वरच्या खजुरापर्यंत पावलांनी मोजलंय, काठ गेल्या वर्षीएवढाच आहे, पुरा नऊशे हात.

फगीरी हसला. "बतूल, तुझं पाऊल लांब झालं असेल गं. विधवेच्या पायाला वहाण सैल होते म्हणतात."

पुष्कळजण हसले. बतूलने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती सात्तीकडे पाहत होती.

"सात्तीकाका, तुम्ही सांगा."

सात्तीचा चेहरा कठोर झाला. "बाई, आमच्या घरचा दोर तीन पिढ्यांत खोटं बोललेला नाही. तुझ्या पावलांसाठी मी त्याची झडती घ्यायची का?"

ती खाली बसली आणि मुठीत चिखल घेऊन दाबत राहिली. मला ओरडावेसे वाटत होते, की ती खरे बोलते आहे, मी ताणलो आहे, मी आता शंभर हातांचा राहिलो नाही. पण दोराला तोंड कुठे असते?

त्या संध्याकाळी अंगणात बसून सात्ती मला गुंडाळू लागला. पन्नास वेढे झाले आणि मी संपलो नाही. त्याने सगळे उलगडून पुन्हा मोजले. पन्नास झाले, तरी दोन वेढ्यांचा दोर उरला. चार हात. आठ घरांना चार-चार हात जास्त गेले होते आणि ते सगळे एकट्या बतूलच्या वाट्यातून. सित्तनाने पुढे ठेवलेली गव्हाची जाड भाकरी आणि भेंडीचे कालवण तसेच निवून गेले.

मित्रांनो, सात्ती संत नव्हता. तीन दिवस तो गप्प राहिला. बेटावर सगळीकडे चवळीची आणि मक्याची टोकण चालली होती. आठ घरे खुशीत होती. तो बोलला नसता, तर कोणाला कळलेही नसते. तिसऱ्या दिवशी सित्तना एवढेच म्हणाली, की तू भिंतीकडे तोंड करून झोपतोस, पण दोर त्याच भिंतीवर आहे.

शुक्रवारी नमाज संपल्यावर सात्ती मला घेऊन मशिदीच्या मागे गेला. ती भिंत बरोबर पन्नास हातांची होती. सगळ्यांसमोर त्याने मला भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि तिथून परत असे लावले. चार हात बाहेर लोंबत राहिले.

बतूल कुंपणापाशी बायकांत उभी होती. सात्ती तिच्यापुढे गेला आणि डोक्यावरचे पांढरे पागोटे त्याने उतरवून हातात घेतले.

"पोरी, तू खरं सांगत होतीस. मी चारचौघांत तुला खोटं पाडलं, म्हणून चारचौघांतच सांगतो. दोर खोटा होता, आणि तीन दिवस मीही."

बतूलने पागोटे पुन्हा डोक्यावर ठेवायची त्याला खूण केली.

फगीरी पुढे आला. "काका, बी टाकून झालंय. कोंब वर आलेत. आता खुंट्या हलवायच्या म्हणजे सगळ्या गावाचं पेरलेलं शेजाऱ्याच्या घरात."

"जाऊ दे शेजाऱ्याच्या घरात," सात्ती म्हणाला. "फगीरी, हा दोर तुला ओढताना ताणला. त्या दिवशी ज्यांनी ओढलं, त्यांत ही पोरगी होती. तिच्या हाताची सालं निघाली होती."

फगीरीने बतूलच्या हातांकडे पाहिले. मग तो काठाकडे चालू लागला. आम्ही पोहोचलो, तेव्हा त्याने आपली खुंटी उपटली होती आणि चार हात मागे ठोकण्यासाठी तो माझी वाट पाहत होता. त्या हंगामात प्रत्येक घराने थोडे शेजाऱ्याने टोकलेले खाल्ले. बतूलच्या बत्तीस हातांत आठव्या घराचा मका उगवला, तो कोणी मागायला आले नाही.

त्या शुक्रवारी, खुंट्या नव्याने ठोकण्याआधी, सात्तीने मला छाटायला घेतले, पण आधी थोडे हातात धरून ठेवले. मग विळा चालवला. टोक बांधून त्याने मला बतूलच्या हातात दिले. एका बाईकडे दोर, म्हणून काही म्हाताऱ्यांनी नाके मुरडली. सात्ती म्हणाला, चूक झाली तर जिला उपाशी राहावं लागलं असतं, तिची नजर माझ्यापेक्षा तेज आहे. त्यानंतर दोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत तो गेला.

बतूलने नवा नियम घातला. पूर ओसरला की शेवटचा वाटा ज्याचा निघेल, त्याने आधी मला भिंतीला लावून पाहायचे, मग वाटणी. किती दमीरे आले आणि गेले. नदीने दरवर्षी सगळे पुसले, आम्ही दरवर्षी नव्याने आखले. आता माझे काथे गळतात. बतूलची धाकटी मुलगी अंगणात नवा दोर वळते आहे. लवकरच माझ्याशेजारी तिला तो अंथरावा लागेल. मग मीही एखाद्या खाटेत जाईन. मला आता त्याचे वाईट वाटत नाही.

एवढेच सांगतो, मित्रांनो. मापाची वस्तू जपा, तिला ऊन-पाण्यापासून सांभाळा, पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. चांगल्या कामातही ती ताणली जाते. आणि कोणी म्हणाले की मला कमी पडले, तर त्याला हसण्याआधी आपला दोर एकदा भिंतीला लावून पाहा.