विहिरीवरचा आळ

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या, पाऊस तेवढा यायचा राहिला. त्या दुष्काळात देवणीजवळच्या गावात मल्लम्माची विहीर तळाला गेली, तेव्हा गाळ काढायला म्हातारा व्यंकटी आला. माहेरी आलेली थोरली लेक शिवकांता त्याला भाकरी द्यायला गेली आणि म्हणाली, "मामा, जपून. मी लहान असताना माझे दोन भाऊ गिळले हिनं."

"हिनं?" व्यंकटी हसला. "हिच्यात शेरडूबी बुडलं न्हाई. पोरं बाजंवर गेली की. आधी पाय गेले, मग हात. दोघांच्या मातीला हुतो म्या."

लेकीबाळींच्या सोयरिकीपायी अख्खं गाव असल्या बाबतीत मिठाची गुळणी धरतं. व्यंकटी त्या मातीनंतर लगेच हैदराबादला गेला आणि आत्ता परतला, म्हणून एवढा एक गुळणी धरायचा राहिला.

शिवकांताच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिचा आठ वर्षांचा वीरभद्र चालताना पडत होता. लातूरच्या डॉक्टर गजभारेबाई म्हणाल्या होत्या, हा स्नायू झिजत जाण्याचा आजार, मुलग्यांना होतो, बहुतेकदा आईच्या रक्तातून येतो, औषध अजून नाही. बाई नांदेड-लातूरकडची अशी घरं शोधून त्यांच्या वंशावळी मुंबईच्या संशोधकांना पाठवत, आणि महिन्यातून एका रविवारी त्या पोरांच्या आयांना एकत्र बसवत. वंशावळीत भावांच्या नावांपुढे शिवकांताने ठामपणे लिहायला सांगितलं होतं, विहिरीत बुडाले.

ती तडक चुलीपाशी गेली. "अव्वा, खोटं का बोललीस?"

मल्लम्माने तव्यावरची भाकरी उलटली. "रोग हाय म्हणलं असतं तर तुला कोण करून घेतलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आन् आता धाकट्या दानम्माची सुपारी फुटायची हाय. तोंड उघडू नको."

"मला ठाऊक असतं तर मी..." शिवकांता थांबली. पुढचं वाक्य वीरभद्रालाच पुसून टाकणारं होतं, आणि तो अंगणात चिंचोके खेळत बसला होता. तिला आईचा संताप आला, स्वतःची लाज वाटली. "दानम्माला मी सांगणार," ती म्हणाली. "कळून लगीन होऊ दे, न्हाईतर मोडू दे."

धाकट्या दानम्माने सगळं ऐकलं, रडली आणि म्हणाली, "अक्का, मीबी येते लातूरला. सासरच्यांना काय सांगायचं ते नीट समजून घेऊन मीच सांगते." रविवारी वीरभद्राला घेऊन दोघी एसटीत चढल्या, तर मल्लम्मा आधीच मागच्या बाकावर बसलेली.

गजभारेबाईंनी आयांच्या त्या बैठकीत वंशावळीचा कागद काढला.

"शिवप्पा आन् गुरुपादप्पा," मल्लम्मा म्हणाली. "बुडाले न्हाईत. हिरीवर आळ म्याच घातला."

"त्यांना काय होत होतं, आठवतं?"

मल्लम्मा पदर खोचून फरशीवर बसली. ओणवी झाली, हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर रेटत, स्वतःच्याच अंगावर चढत हळूहळू उभी राहिली. जमलेल्या प्रत्येक आईने हे घरी रोज पाहिलं होतं.

वीरभद्र खुदकन हसला. "आज्जी, माझ्यासारखंच उठतीस की! कोणी शिकवलं?"

"तुझ्या मामांनी," मल्लम्मा म्हणाली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा लेकांसाठी चारचौघांत रडली.