मार्लिसबाईंचं नको

मी कोर्टातलं लोखंडी कपाट बोलतोय. घाबरू नका, साक्ष द्यायची नाहीये. माझं कुलूप वीस वर्षांपूर्वी बिघडलं, तेव्हापासून कुणी मला महत्त्वाचं काही सांभाळायला दिलेलं नाही.

कारखान्यातून या तळ्याकाठच्या गावात आलो तेव्हा मी हिरवागार होतो. पोटात जमिनीचे नकाशे होते. कुलूप गेलं तसे नकाशे गेले आणि मार्लिसबाईंचा कॉफीचा डबा आला, मागोमाग चर्चच्या जेवणाची भांडी. मार्लिसबाई इथल्या एकुलत्या एक कारकून. मला त्यांचा लळा लागला.

एकदा राजधानीतून फोन आला. रेनाटा नावाची मुलगी होती, दक्षिणेकडून नोकरीला आलेली. धंद्यातली गुपितं जपण्याचा कायदा राज्यात येऊ घातला होता आणि त्यापायी सरकारला किती खर्च पडेल, ते तिला लिहून द्यायचं होतं.

"खटला चालेल तोवर गुपिताचे कागद कोर्टाला कुलुपात ठेवावे लागतील. तुम्हाला काही नवीन लागेल का?"

मार्लिसबाईंनी माझ्या कुलपाकडे पाहिलं. "नको गं. भागवू आम्ही."

आता आमच्याकडची रीत सांगतो. कुणी केक पुढे केला तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, अगदी छोटा" म्हणत दोन तुकडे उचलायचे. बिचाऱ्या रेनाटाला हे कुठून ठाऊक असणार? तिने एकदाच विचारलं, आभार मानले आणि कागदावर लिहिलं, खर्च शून्य. कायदा पास झाला.

हिवाळ्यात गावातल्या सॉसेजवाल्याने जुन्या नोकरावर मसाल्याची कृती चोरल्याचा दावा लावला. मसाल्यात वेलची असते हे गावातल्या मांजरांनाही माहीत होतं, पण न्यायाधीशांनी हुकूम काढला: कृतीचा कागद कुलुपात, नाहीतर कारकुनाच्या नजरेसमोर. रात्री पहारेकरी असे; दिवसभर मात्र मार्लिसबाईंनी माझ्या दाराला खुर्ची टेकवून ठाण मांडलं. जेवण तिथेच, विणकाम तिथेच.

शहरात त्यांच्या लेकीचे, इंग्रिडचे, दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. "रजा कशी मागू रे? इथे बसेल कोण?" त्या मलाच विचारायच्या. माझा जीव तुटायचा.

कायद्याला वर्ष झालं म्हणून रेनाटाचा पुन्हा फोन आला. "मार्लिसबाई, काही लागतंय का?"

"नको गं."

"नक्की ना?"

"छे, छान चाललंय." पण बोलता बोलता त्या खुर्चीवरून उठल्या. मला तेवढंच हवं होतं. मी दार सोडून दिलं. कॉफीचा डबा, पातेली, सॉसेजचा कागद, सगळं धाडकन खाली.

"अगंबाई, काय पडलं? कपाटाला कुलूप नाहीये का? बाई, खरं सांगा, काही लागतंय का तुम्हाला?"

मार्लिसबाई खुर्चीत बसल्या. "बरं, इतकं विचारतेच आहेस तर... एक छोटंसं कपाट. आणि आठवडाभर बदली माणूस."

रेनाटाने शून्य खोडलं. पंधरा दिवसांत नवं कपाट आणि बदली माणूस, दोन्ही हजर.

कपाट घेऊन आलेले दोघे मात्र गावचेच. एकाने मला थोपटून विचारलं, "मावशी, हे जुनं भंगारात टाकू?"

"नको."

"जागा अडवतंय हो. नेतो ना?"

"नको रे."

माझ्या बिजागऱ्या करकरायला लागल्या. बाईंची दोन नको वापरून झाली होती.

"शेवटचं विचारतो. नेऊ?"

बाईंनी कॉफीचा डबा उचलला आणि माझ्या वरच्या फळीवर ठेवला. "नको."

ते दोघे हात हलवत गेले. बाई दुपारच्या गाडीने शहरात गेल्या आणि इंग्रिडजवळ वेळेवर पोचल्या. नातीचा फोटो आता माझ्या दारावर आतून चिकटवलाय. दार आपोआप उघडतं, त्यामुळे तो सगळ्या कोर्टाला दिसतो.

तुमच्यापैकी कुणाला असं शून्य लिहायची वेळ आली, तर एवढं करा. पुन्हा विचारा. मग अजून एकदा विचारा.